रजेचा दिवस कोणी ठरवायचा?

आमच्या मसोलीत मृगाचा पाऊस स्थिरावला की कारखान्यांच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या फुल्या वाढू लागतात. फुग्यांचे कारखाने असोत की लहानसहान यंत्रशाळा, तेथील पुष्कळसे कामगार भोवतालच्या पाड्यांवरचे वारली आहेत. घरी एक-दोन एकर भाताची जमीन, रोपे वाढलेली आणि आवणीला माणसे हवी. मालक म्हणतो, ‘हे लोक न सांगता घरी राहतात.’ कामगार म्हणतो, ‘सांगितले तर रजा मिळत नाही.’ दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न शिस्तीचा नसून धोरणाचा आहे.

रजेचा हक्क मालकवर्गाने आपण होऊन कधीच दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर मुंबईच्या गिरणीमालकांनी 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य केली. पगारी वार्षिक सुट्टी कायद्यात येण्यास आणखी अर्धशतक लागले. डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना 1945 मध्ये कारखाना कायद्यात तशी दुरुस्ती झाली आणि 1948 च्या कायद्याच्या 79 व्या कलमाने तिला पक्के रूप दिले: वर्षात 240 दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा.

या कलमातील संख्या आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात. परंतु त्याच कलमातील एका तरतुदीकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही. पंधरा दिवस आधी लेखी अर्ज केला असेल आणि वर्षात तीनपेक्षा अधिक वेळा रजा मागितली नसेल, तर तो अर्ज नाकारता येत नसे. अपवाद एकच: कामात खंड पडू नये म्हणून कामगारांच्या प्रतिनिधींशी सहमतीने रजेची योजना आखून ती मुख्य निरीक्षकाकडे दाखल केलेली असेल, तर तिच्या आधारे नकार देता येई. म्हणजे मालकाला विवेकाधिकार होता, पण तो सहमतीतून मिळवावा लागे. अशी योजना प्रत्यक्ष राबवलेली मी तरी या भागात पाहिली नाही, हे खरे. तथापि कायद्याचे तत्त्व निःसंदिग्ध होते.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता अंमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयक संहितेचे 32 वे कलम रजेसंबंधी आहे. 240 दिवसांची अट 180 वर आली, हा लाभ मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. पावसाळ्यात खाडे होणाऱ्या आदिवासी कामगाराला तो विशेष उपयोगी आहे. परंतु अर्ज नाकारता येणार नाही, हा जुना नियम त्या कलमात मला आढळत नाही. नाकारलेली रजा मर्यादेविना पुढच्या वर्षात नेता येते आणि वर्षअखेर शिल्लक रजेचे पैसे मागता येतात, एवढेच आश्वासन आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याचा कलही असाच: पंधरा दिवस आधी मागूनही रजा नाकारली, तर 45 दिवसांवरील रजेचे रोखीकरण करण्याचा हक्क.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातली मेख चटकन दिसावी. नकाराची किंमत केवळ त्या दिवसाच्या मजुरीइतकी ठरवली, की नकार देण्याचा अधिकार मालकाने विकत घेतल्यासारखे होते. जणू रजा म्हणजे कणगीतले भात. आज नको तर उद्या काढू. आवणीचा दिवस पुढच्या वर्षात नेता येत नाही. रोप जून झाले की उत्पन्न घटते, आणि रोखीकरणाचे पैसे ती तूट भरून काढत नाहीत.

या मातीला हा प्रश्न नवा नाही. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांनी वेठ नाकारण्याचा निर्धार केला, तेव्हाही मुद्दा हाच होता की आधी जमीनदाराचे शेत की स्वतःचे. आजचा कारखानदार जमीनदार नाही. तो मजुरी देतो आणि कामगार काम सोडून जाऊ शकतो. हा फरक मोठा आहे. पण काम सोडल्यावाचून स्वतःच्या शेतावर जाता येत नसेल, तर त्या स्वातंत्र्याचे मोल किती?

लहान मालकाची अडचण मी हसण्यावारी नेत नाही. बारा माणसांच्या कारखान्यात चौघे एकदम गेले की काम थांबते आणि घेतलेली मागणी वेळेवर पुरी होत नाही. मात्र आवणी काही अपघाताने येत नाही. ती दरवर्षी येते. रजा नाकारून मालकाला हजेरी मिळत नाहीच; माणूस जातो तो जातोच, आणि परतल्यावर ‘नवा’ म्हणून लागतो. त्याचे भरलेले दिवस पुसले जातात. मालकाच्या पदरात यातून एवढीच बचत पडते, आणि ती प्रामाणिक बचत नव्हे.

म्हणून राज्याकडे मागणी अशी असावी: अर्जित रजेपैकी निम्मी कामगाराने निवडलेल्या दिवशी, आठवड्याच्या पूर्वसूचनेवर, नकाराविना मिळावी. पावसाला पंधरा दिवसांची नोटीस ठाऊक नसते. उरलेली निम्मी सहमतीच्या योजनेनुसार द्यावी. नकार दिल्यास तो लेखी, सकारण आणि पर्यायी तारखेसह असावा. कामगार हा समवर्ती सूचीतील विषय आहे, आणि दुकाने कायदा तर राज्याचाच आहे. अधिकार नाही ही सबब चालणार नाही.

परंतु सरकारची पावले उलट दिशेने पडत आहेत. दुकाने कायद्याची 10 कामगारांची मर्यादा 20 वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. डहाणूला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 1991 च्या पर्यावरण अधिसूचनेने या तालुक्यात उद्योगांना एकंदर 500 एकरांची मर्यादा घातली. ती आवश्यकच होती, पण येथील आस्थापना त्यामुळे बहुतांशी लहानच राहिल्या. चिकूच्या वाड्यांवरचे मजूर तर 1951 च्या मळेकामगार कायद्यातही बसत नव्हते. त्यात चहा, कॉफी, रबर होते, चिकू नव्हता.

तलासरी-डहाणूच्या कार्यकर्त्यांनी या पावसाळ्यात एक काम करावे. प्रत्येक पाड्यावर वही ठेवून कोण केव्हा कामावर लागला, जूनमध्ये कोणाचे नाव कापले आणि ऑगस्टमध्ये कोण पुन्हा ‘नवा’ झाला, याची नोंद घ्यावी. आमच्या शेजारच्या पाड्यावरचा एक गृहस्थ एकाच कारखान्यात चार वेळा नवा झाला आहे.