नव्या गिटारला काय धाड भरलीय?

परवा काकांचा फोन आला होता. (काका हा ब्लॉग वाचतात. तेव्हा काका, रागावू नका, पण लिहिणार आहे.) बोलता बोलता भाचीच्या गिटारचा विषय निघाला. मी सहज सांगून गेलो की गिटार नवीकोरी होती तरी सेटअप करून आणावी लागली, तारांसकट बाराशे रुपये गेले. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "नवी वस्तू आणि दुरुस्तीला? नव्या गिटारला काय धाड भरलीय? बनवलं तुला कोणीतरी." आणि पाठोपाठ ते ठेवणीतलं वाक्य, "आमच्या वेळी नव्हतं बुवा हे सगळं."

वडीलधाऱ्यांशी फोनवर वाद घालायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून इथे घालतोय. :-)

आधी काय झालं ते सांगतो. भाची सातवीत आहे. गेल्या वाढदिवसाला तिला गिटार आली, साडेसहा हजारांची, चकचकीत. तीन महिने पोरीने इमानेइतबारे क्लास केला. बोटांच्या टोकांना चरे पडले. ते सगळ्यांनाच पडतात, त्याचं काही नाही. पण एफ कॉर्ड काही केल्या वाजेना. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या कॉर्डमध्ये तर्जनी आडवी टाकून पहिल्याच घरातल्या सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात. हिने जीव खाऊन दाबलं तरी निम्म्या तारा मुक्या, आणि ज्या वाजायच्या त्या बेसूर. चौथ्या महिन्यात गिटार कपाटावर गेली. घरात निकालही लागला, "तिच्यात ते नाहीच. आपल्याकडे कोणातच नाही." ती तिथेच बसून ऐकत होती. नंतर मला हळूच म्हणाली, "मामा, माझी बोटंच छोटी आहेत."

मी काही वादक नाही. कॉलेजात चार गाणी वाजवायचो तेवढंच. पण कपाटावरची गिटार काढून मी स्वतः एफ लावून पाहिला आणि माझाच अंगठा दुखायला लागला. मग भाचीच्या कंपासपेटीतली फूटपट्टी मागितली. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, जाड तार सव्वाचार मिलिमीटर उंच होती. साधारण अडीचच्या आसपास असली की हात सुखाने चालतो. म्हणजे पोरगी तीन महिने जवळजवळ दुप्पट उंचीवरून तारा दाबत होती, आणि आम्ही तिच्या बोटांची लांबी मोजत होतो!

आता सेटअप म्हणजे काय, ते थोडक्यात. ती दुरुस्ती नव्हे, मोडलेलं काहीच नसतं. गळ्याच्या वरच्या टोकाला नट नावाची खाचांची पट्टी असते, खाली सॅडल असतं, आणि गळ्याच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई. नटच्या खाचा हव्या तेवढ्या खोल करायच्या, सॅडल घासून तारा खाली आणायच्या, सळई फिरवून गळ्याचा बाक जुळवायचा. मग प्रत्येक तार वरपासून खालपर्यंत सुरात येते का ते बघायचं. नट उंच राहिला की पहिल्या घरात तार फार ताणली जाते, त्यामुळे दाबायला जड जाते आणि सूरही चढतो. पोरीची एफ कॉर्ड बेसूर का, याचं उत्तर तिच्या कानात नव्हतं, त्या खाचेत होतं.

मग कारखानेवाले हे करूनच का देत नाहीत? कारण सोपं आहे. तारा खाली ठेवल्या आणि वाटेत लाकूड थोडं हललं, तर तार फ्रेटला घासून खर्रर्र आवाज येतो. तो आवाज गिऱ्हाईकाला लगेच ऐकू येतो आणि माल परत येतो. तारा उंच ठेवल्या तर आवाज स्वच्छ, फक्त वाजवायला जड. आणि जड लागली तर नवशिका स्वतःला दोष देतो, गिटारला नाही. म्हणजे बेत असा की चूक राहिलीच तर ती शिकणाऱ्याच्या बोटांनी भरून काढायची.

शिवाय लाकूड हे लाकूड आहे. सहा तारा मिळून गळ्याला ६०-७० किलोंच्या आसपास सतत ओढत असतात. त्यात आमची गोराई. खाडीच्या काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको, जूनमध्ये कपाटाची दारं फुगून बसतात आणि मिठाच्या पुड्याला पाणी सुटतं. कुठल्याशा कारखान्यात आणि मग एसीच्या दुकानात राहिलेली गिटार इथे आली की तिचं पोटही फुगतं, तारा आणखी वर जातात. बास गिटारचं तर विचारूच नका. तारेची लांबी बहुतेक वेळा ३४ इंच, तारा जाडजूड, गळा तेवढाच लांब. तिथे जरासा बाकही लगेच जाणवतो.

एक साधी गोष्ट बघा. गिब्सन कंपनीच्या फिरवता येणाऱ्या ट्रस रॉडला अमेरिकेत १९२३ साली पेटंट मिळालं. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. जी गोष्ट एकदा बसवली की कायमची बसली, तिला कोणी किल्ली देईल का? इलेक्ट्रिक गिटारला आणि बासला तर तारांची उंची बदलायला स्क्रू दिलेले असतात. बनवणाराच सांगतोय की पुढचं काम तुमच्याकडे. आपण मात्र "नवीन आहे" म्हणून हात लावत नाही.

आता "आमच्या वेळी नव्हतं" हे. काका, आजीचा पाटा आठवा. नवा पाटा आणला की त्यावर थेट वाटण वाटायची का ती? आधी टाकी लावून घ्यायची, आणि गुळगुळीत झाला की पुन्हा टाकवून घ्यायची. "नव्या पाट्याला काय धाड भरलीय" असं तिला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि वाद्यांचंच बोलायचं तर आपल्या मिरजेकडे बघा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. मूळ धंदा शस्त्रांचा, धार लावणाऱ्यांचा. त्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला तंबोरा जवारी लावल्याशिवाय कोणी गायला घेत नाही. घोडीचा माथा इतका बारीक घासायचा की तार त्याला जेमतेम स्पर्श करत राहील, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. तेव्हा कुठे तो बोलायला लागतो. पुढे तारांनी घोडीवर चरे पडले की जवारी पुन्हा काढायची. गंमत म्हणजे तंबोऱ्यात जो झणकार हवा असतो, तोच गिटारमध्ये नको असतो. पण काम तेच, केसाएवढ्या अंतराचं. तेव्हा आमच्या वेळी नव्हतं म्हणू नका. होतं, फक्त त्याला सेटअप म्हणत नव्हते.

दुसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. "आधी शिकू दे, जमलं तर बघू." हे म्हणजे आधी पोहायला येऊ दे, मग पाण्यात उतरवू. मुरलेला वादक कसलीही गिटार ओढून नेतो, आणि अडचण वाद्यात आहे हे त्याला कळतं. नवशिक्याला तेच कळत नाही. म्हणून त्याची गरज पहिली. किती घरांत माळ्यावर एकेक गिटार पडलेली असते! त्यातल्या काही कंटाळ्याने गेल्या असतील. पण काही नुसत्या उंच तारांपायी गेल्या असणार, आणि त्या घरात कोणीतरी आजही "मला संगीत येत नाही" असं सांगत असेल.

मात्र काकांचा एक मुद्दा मी मान्य करतो. सेटअपच्या नावाखाली बनवणारेही आहेत, आणि प्रत्येक गिटारला त्याची गरज असतेच असं नाही. काही दुकानं चोख करून देतात. म्हणून आधी घरी तपासा. गिटार सुरात लावून घ्या. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची मोजा (फूटपट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो, तेवढं लक्षात ठेवा). मग तार तिसऱ्या फ्रेटच्या मागे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे कागदाएवढीच फट हवी, मोठी दिसली तर नट उंच आहे. शेवटी मोबाइलच्या ट्यूनरवर मोकळी तार आणि बाराव्या घरात दाबलेली तार, दोन्ही तोच स्वर दाखवतात का ते पाहा. तिन्ही ठीक असेल तर एक पैसा देऊ नका. नसेल तर जाणकाराकडे जा. सळई स्वतः पिळत बसू नका, आणि नटची खाच एकदा जास्त खोल गेली की गेली.

आम्ही गेलो ते खाडीपलीकडे, गोराई गावात. लाँचमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा भाचीने स्वतःची छत्री गिटारवर धरली. त्या अंकलनी गिटार हातात घेतली, एकदा गळ्यावरून डोळा फिरवला आणि आमच्याशी न बोलता कानस काढली. तासाभराने भाचीकडे दिली. तिने एफ लावला. पाच तारा वाजल्या, एक मुकी राहिली. अंकल म्हणाले, "ही एक आता तुझी."

तेवढंच माझं म्हणणं आहे, काका. शिकणाऱ्याचा वाटा शिकणाऱ्याने उचलावा, पण वाद्याचा वाटाही त्याच्याच बोटांवर टाकू नये. भाची मोठी वादक होईल असं मी म्हणत नाही. उद्या कंटाळा आला तर सोडेलही. पण तेव्हा गिटार सोडेल, स्वतःच्या बोटांना नावं ठेवत बसणार नाही.

असो. पुढच्या रविवारी घरी या, ऐकवते ती. आणि बाराशे रुपयांचा विषय तिच्यासमोर काढू नका.