घरफाळा : भाव कागदावर, भार माथ्यावर

कोणी त्यास घरपट्टी म्हणतो, कोणी घरफाळा. सरकारी दप्तरात तो मालमत्ता कर असतो. नाव कोणतेही घ्या, हा कर बुडवावा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. रस्ता, दिवा आणि गटार ज्या पैशांतून होते, त्यास शहरातील घरांनी हातभार लावलाच पाहिजे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईचीही जकात संपली. तेव्हापासून स्वतःच्या उत्पन्नासाठी नगरसंस्थांची सारी भिस्त घरफाळ्यावर आहे. म्हणूनच तो कोणत्या रीतीने बदलला जातो, याचा जाब विचारणे अगत्याचे झाले आहे.

जुनी पद्धत भाड्याची होती. घरास वर्षाकाठी किती भाडे येईल, त्यातून दुरुस्तीखर्च वजा जाता किती उरेल, यावर आकारणी होई. पण भाडेनियंत्रणाने जुन्या इमारतींची भाडी गोठली आणि त्यांचा करही गोठला. एकाच गल्लीत जुन्या चाळीस नाममात्र फाळा, तर शेजारच्या नव्या सदनिकेस कितीतरी पट, हा अन्याय उघड होता. त्यावरचा उपाय म्हणून मुंबईने १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत स्वीकारली. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने राज्यांच्या वाढीव कर्जमर्यादेचा काही भाग या सुधारणेस जोडला. घरफाळ्याचे किमान दर जमिनीच्या शासकीय दरांशी सुसंगत असावेत, अशी अट घातली. कर्नाटकानेही २०२१ साली कायदा बदलून हीच वाट धरली. म्हणजे मुंबईकर असो वा बेळगावकर, दोघांचाही फाळा आता सरकारी दरपत्रकाच्या चढउताराशी बांधला गेला.

तत्त्व म्हणून हे ठीक दिसते. परंतु घराची किंमत वाढली म्हणजे घरात राहणाऱ्याची मिळकत वाढली काय? निवृत्त शिक्षकाच्या तीन खोल्यांचा भाव शेजारून मोठा रस्ता गेल्याने चढतो. त्याचे निवृत्तिवेतन त्या रस्त्याने धावत नाही. तो लाभ घर विकल्यावर मिळणार, आणि कर मात्र आज, रोख भरावयाचा! मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी मिळाली, हे योग्यच झाले. पण ५०१ व्या फुटापाशी गरिबी संपते, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासही मुंबई महापालिकेला बजावावे लागले, की जमिनीवर पुढेमागे काय बांधता येईल याचा हिशेब धरून आज कर लावता येणार नाही.

पुण्याचा धडा तर आणखी बोलका आहे. स्वतः राहणाऱ्या घरमालकास तेथे १९७० पासून करपात्र रकमेत ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणाचा आक्षेप निघाला आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती नाकारण्यात आली. येथे गणित नीट पाहावे. साठ रुपयांच्या जागी शंभर भरावे लागले, तर वाढ चाळीस टक्क्यांची होत नाही. ती जवळजवळ सदुसष्ट टक्क्यांची होते. एकाच इमारतीत आधी आलेल्यास एक दर, मागाहून आलेल्यास दुसरा! एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा दिली. पण आपण स्वतः राहतो याचे पुरावे जोडून अर्ज करण्याची यातायात पुन्हा घरमालकाच्याच माथी आली.

या सर्वांत घर घेणारा अधिकच उघडा पडतो. तो कर्जाचा हप्ता हिशेबात धरतो आणि विकणाऱ्याची जुनी पावती पाहून फाळ्याचा अंदाज बांधतो. पण ती पावती कालची. त्याची आकारणी उद्याची. शिवाय महापालिका कायद्यान्वये घरफाळ्याचा बोजा वास्तूवरच असतो. मागील मालकाने थकविलेली रक्कम घराबरोबर नव्या मालकाच्या दारी येते.

आमचे मागणे अवास्तव नाही. दर बदलण्यापूर्वी प्रत्येक घरमालकास जुना व नवा आकडा शेजारी शेजारी मांडून लेखी कळवावा आणि हरकतीस पुरेशी मुदत द्यावी. वाढ एका घावात न करता टप्प्याटप्प्याने करावी. मुंबईत पद्धत बदलताना वाढीस मर्यादा घातली होती, तशी ती सर्वत्र असावी. वृद्ध व अल्प उत्पन्नाच्या मालकास वाढीव रक्कम घर विकेपर्यंत मागे ठेवण्याची मुभा असावी. आणि खरेदीखताची नोंदणी होण्यापूर्वी थकबाकीचा दाखला व पुढील वर्षाच्या आकारणीचा आकडा खरेदीदाराच्या हाती पडावा.

घर बांधणारा माणूस शहराचा पाया घालीत असतो. त्याच्याकडून फाळा जरूर घ्या. पण तो त्याला आधी सांगून, त्याच्या मिळकतीला झेपेल असा आणि शेजाऱ्याला लावाल त्याच मापाने घ्या. हे ज्यांना जमत नाही, त्यांनी नागरिकांच्या थकबाकीची यादी वाचून दाखविण्यापूर्वी आपल्या कर्तव्याची थकबाकी आधी फेडावी.