मिनिकॉयचे पाणी आणि आमची टिप्पणी

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेले मराठी मित्र हल्ली मला एक प्रश्न वारंवार विचारतात : लक्षद्वीपला जावे का? जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. जरूर जावे, असे माझे उत्तर असते. परंतु किती जणांनी जावे, हा प्रश्न मला कोणी विचारत नाही. प्रशासनाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे आणि एकदा तो विचारायला मी स्वतःच विसरलो होतो.

लक्षद्वीपाची छत्तीस बेटे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. वस्ती दहा बेटांवर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या चौसष्ट हजारांहून थोडी अधिक. त्यांपैकी मिनिकॉय हे अगदी दक्षिणेचे बेट. इतर बेटांवर मल्याळमची बोली चालते, तर येथे मालदीवच्या भाषेशी नाते सांगणारी महल.

सुमारे दहा वर्षांपूर्वी शासकीय कामासाठी मी तेथे गेलो. १८८५ च्या दीपगृहावर चढलो की एका बाजूला लगूनचे शांत, हिरवट-निळे पाणी आणि दुसरीकडे खवळलेला समुद्र दिसतो. गावोगावी स्वच्छ, रंगवलेली सभागृहे आहेत आणि शर्यतीच्या लांब, सजवलेल्या होड्या आहेत. त्यांना 'जहाधोनी' म्हणतात. सणासमारंभात रंगीत पोशाख घालून ढोलाच्या तालावर 'लावा' नृत्य होते. समाज मुस्लिम, पण परंपरा मातृवंशीय. प्रत्येक गावाचा प्रमुख असतो आणि सामाईक कामे गाव एकत्र येऊन करते.

जेवणात ट्यूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, आणि नारळ. ट्यूना उकडून, धुरावर धरून, उन्हात लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. या 'मास'चा कीस खोबऱ्यात मिसळून खाल्ला तेव्हा मला आजीच्या घरच्या सुक्या मासळीची आठवण झाली.

हा मासा जाळ्याने नव्हे, गळाने एकेक पकडतात. त्यासाठी लगूनमधून लहान मासे जिवंत धरतात आणि ते आमिष म्हणून समुद्रात टाकतात. हे लहान मासे प्रवाळाच्या आश्रयाने वाढतात. म्हणजे प्रवाळ मेले की आमिष कमी, आमिष कमी की ट्यूना कमी, आणि मग 'मास'ही नाही. पर्यटक जे लगून पाहायला येतो, तेच बेटाचे भांडवल आहे. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्याने येथील प्रवाळांना आधीच मोठा फटका बसला आहे.

माझ्या पिशवीत तेव्हा पर्यटनवाढीच्या टिप्पणीचा मसुदा होता. खाटांची संख्या, अपेक्षित उत्पन्न, रोजगार, सारे कोष्टकांत नीट मांडलेले. एका गावातील वृद्ध गृहस्थांनी ते दुभाष्याकडून ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "साहेब, हे पाहुणे पाणी कुठले पिणार?" माझ्या कोष्टकांत पाण्याचा रकानाच नव्हता.

प्रवाळबेटावर नदी नसते. पावसाचे पाणी जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर एका पातळ थराच्या रूपाने तरंगते. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते. सांडपाणी मुरले की तोच थर दूषित होतो. समुद्राच्या उष्ण व थंड थरांतील तापमानाच्या फरकावर गोडे पाणी तयार करणारा प्रकल्प २०११ मध्ये मिनिकॉयला उभा राहिला. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. त्या वर्षीची लोकसंख्या १०,४४७. भागाकार केला तर माणशी दहा लिटरही येत नाहीत. शहरी पाहुण्याची एक आंघोळ यात भागत नाही.

अर्थशास्त्रात आम्ही बाह्य खर्च शिकलो होतो. लाभ एकाचा, खर्च दुसऱ्याचा. येथे लाभ बहुधा मुख्य भूमीवरील गुंतवणूकदाराचा, आणि खर्च विहिरीवर येणाऱ्या गृहिणीचा. म्हणून माझे मत असे की बेटावरील पर्यटनाच्या टिप्पणीचा क्रम उलटा असावा. प्रथम उन्हाळ्याच्या अखेरचे पाणी, मग सांडपाणी आणि कचरा, मग लगून, आणि शेवटी खाटा. पर्यटकांची संख्या बेटवार जाहीर करावी, ग्रामप्रमुखांशी चर्चा करूनच ठरवावी, आणि उत्पन्नाचा निश्चित वाटा गावाला मिळावा.

याला आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. शिकलेल्या तरुणांना बेटावर काम हवे. कित्येक जण वर्षानुवर्षे व्यापारी जहाजांवर घरापासून दूर राहतात. त्यांना निसर्गरक्षणाचे धडे देऊन दरवाजा बंद करणे हा अन्यायच ठरेल. माझा आग्रह दार बंद करण्याचा नाही. दार किती उघडायचे ते ठरवताना घरमालकाला विचारावे, एवढाच आहे. लक्षद्वीपात प्रवेशासाठी परवाना लागतो, त्यामुळे संख्या ठरवण्याचे साधन शासनाच्या हाती आहेच.

वाचकहो, आपण जाल तेव्हा तेथे जे शिजते ते आवडीने खा, पाणी जपून वापरा, आणि आपला प्लास्टिकचा कचरा परत घेऊन या. मी परतल्यावर टिप्पणी नव्याने लिहिली. खाटांची संख्या बरीच कमी झाली. वरिष्ठांनी कारण विचारले, तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न मी जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला.