नको म्हणायचं काम माझं का?

पुण्या-मुंबईच्या मित्रांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "तुमच्याकडे बरं आहे बाबा. कायदे कडक. असले फालतू ई-मेल पाठवायची तिथे कोणाची हिंमत होणार?"

मंडळी, हा गैरसमज आधी दूर करतो. न मागितलेली जाहिरात ई-मेलने पाठवणं हा अमेरिकेत गुन्हा नाही. पाठवणाऱ्याने चार नियम पाळले की ते पूर्णपणे कायदेशीर आहे. आणि गंमत म्हणजे, ज्या कायद्याने ही मुभा दिली तो स्पॅमला आळा घालायचा म्हणूनच अमेरिकन संसदेने २००३ साली केला! (इथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्या काँग्रेसशी संबंध नाही.)

कायद्याचं नाव कॅन-स्पॅम. त्याची लगेचच 'यू कॅन स्पॅम' अशी थट्टा सुरू झाली, आणि ती अगदी रास्त होती. कायदा म्हणतो काय? पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव आणि विषय खोटा लिहू नये. खरा टपालाचा पत्ता द्यावा. 'नको' म्हणायची सोय ठेवावी. आणि कोणी नको म्हटलं तर कामकाजाच्या दहा दिवसांत ते ऐकावं. संपलं! पाठवण्याआधी विचारायची गरज नाही. त्रास झाला म्हणून तुम्ही-आम्ही या कायद्याखाली कोर्टात जाऊ म्हणाल, तर तेही नाही. तो अधिकार सरकारी यंत्रणांना आणि इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना.

याहून चांगलं काही सुचत नव्हतं, असंही नाही. युरोपियन युनियनने २००२ सालीच 'आधी विचारा, मग पाठवा' हे तत्त्व स्वीकारलं होतं. कॅलिफोर्निया राज्याने २००३ मध्ये तसाच कायदा केला, आणि त्यात सामान्य माणसाला दावा लावायचा हक्कही दिला. तो १ जानेवारी २००४ ला लागू व्हायचा होता. त्याच दिवशी कॅन-स्पॅम लागू झाला आणि देशाच्या कायद्यापुढे राज्याचा हा कायदा निकामी ठरला.

आता कोणी म्हणेल, एवढं काय बिघडलं? खालच्या बारीक अक्षरांवर टिचकी मारा आणि मोकळे व्हा! मी पडलो इंजिनियर, तेव्हा हिशेब करून दाखवतो. समजा फक्त एक हजार धंदेवाल्यांनी मला प्रत्येकी एकदाच जाहिरात पाठवली. प्रत्येकाला नको म्हणायला अर्धा मिनिट. झाले पाचशे मिनिटं, म्हणजे आठ तासांहून जास्त. माझा कामाचा एक अख्खा दिवस, आणि तोही सगळे सज्जन निघाले तर! पाठवणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य. घरोघरी हँडबिलं टाकणाऱ्याला निदान छपाईचे आणि पोरांच्या पायपिटीचे पैसे मोजावे लागतात. इथे पायपीटही माझीच.

बरं, सगळे सज्जन नसतातच. ठगाने पाठवलेल्या पत्रातल्या 'नको' वर टिचकी मारली की त्याला एवढंच कळतं, की हा पत्ता चालू आहे आणि पलीकडे एक जिवंत माणूस वाचतोय. पत्रात न दिसणारं एखादं इवलंसं चित्र ठेवलेलं असतं. तुमच्या संगणकाने ते मागवलं की पत्र उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला जाते. २००४ मध्ये इथल्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे प्रश्न होता, की फोनसाठी जशी 'मला फोन करू नका' यादी केली तशी ई-मेलसाठी करावी का? त्यांनी संसदेला कळवलं, नको. ती यादी स्पॅम पाठवणाऱ्यांच्याच हाती लागेल आणि त्रास उलट वाढेल. म्हणजे बघा, 'मला नको' हे सांगणं हीसुद्धा विकण्याजोगी माहिती! नकाराचा भार ज्याला त्रास होतो त्याच्यावर टाकला की असंच होणार.

हा निर्लज्जपणा जुना आहे. १९९४ मध्ये ॲरिझोनातल्या एका वकील दांपत्याने, कँटर आणि सीगल यांनी, ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात यूझनेटच्या हजारो चर्चागटांवर चिकटवली. त्या सोडतीचा अर्ज भरायला वकील लागत नव्हता. पण परदेशातून आलेला माणूस कागदपत्रांना किती घाबरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जगभरातून शिव्या पडल्या. त्यांनी काय करावं? इंटरनेटवर पैसा कसा कमवावा यावर पुस्तक लिहिलं! कँटरसाहेबांची सनद १९९७ मध्ये टेनेसी राज्यात रद्द झाली, त्यामागे ही जाहिरातबाजी हेही एक कारण होतं.

असो. मुख्य मुद्दा पुढेच आहे. ई-मेलमधला कचरा हा नुसता धूर. खरी आग पत्त्यांच्या आणि माहितीच्या बाजारात.

मी प्रत्येक दुकानाला वेगळा पत्ता देतो. जीमेलमध्ये ते सोपं आहे. आपल्या नावापुढे अधिक चिन्ह आणि दुकानाचं नाव लिहायचं. पत्र आपल्याच पेटीत पडतं, पण कोणाला दिलेल्या पत्त्यावर आलं ते कळतं. एका फर्निचरच्या दुकानाला दिलेल्या अशा पत्त्यावर वर्षभरात घरकर्जाच्या, विम्याच्या आणि वजन घटवण्याच्या जाहिराती येऊ लागल्या. घेतलं होतं एक टेबल! दुकानाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, "आमच्या गोपनीयता धोरणाला आपण संमती दिलेली आहे." म्हणजे टेबल विकत घेणं हीच संमती.

कधीकधी तर टेबलही घ्यावं लागत नाही. इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवते. २०१७ मध्ये तिच्याकडून सुमारे १४ कोटी ७० लाख अमेरिकनांची माहिती चोरीला गेली. नावं, जन्मतारखा, पत्ते, सोशल सिक्युरिटी नंबर. या लोकांनी इक्विफॅक्सकडे खातं उघडलं नव्हतं की कुठला फॉर्म भरला नव्हता. त्यांची माहिती बँकांनी परस्पर पुरवलेली. पासवर्ड बदलता येतो हो. जन्मतारीख कशी बदलायची?

इथे तिकडचा माझा मित्र खांदे उडवून म्हणतो, "माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" या वाक्याचा मला मनापासून राग येतो. लपवायला तुम्ही चोर असायला लागत नाही. घराला कडी आपण चोर आहोत म्हणून लावतो का?

आपल्या लग्नाचा बायोडाटाच घ्या. इथल्या बँका वर्षानुवर्षं ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारत आल्या आहेत, कारण ते परक्याला माहीत नसतं अशी समजूत. आपण ते 'मामेकुळ' या मथळ्याखाली छापतो! सोबत जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मगाव, नोकरी, पगार, पत्ता, वडिलांचा मोबाईल. मग तो कागद व्हॉट्सॲपवर मावशीकडून आत्याकडे आणि आत्याकडून कोणाकोणाकडे जातो, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. स्थळं बघू नका असं मी म्हणत नाही. पण पहिल्याच कागदावर सगळी कुंडली कशाला? पसंती पुढे सरकली की द्या की जन्मवेळ आणि पत्ता.

ठगाला हेच लागतं. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना 'मन की बात' मध्ये सांगावं लागलं. तरी शिकलेली, निवृत्त, शहाणी माणसं फसतात, कारण पलीकडचा खोटा पोलीस त्यांचं पूर्ण नाव, पत्ता, मुलगा कुठे असतो हे सगळं धडाधड सांगतो. ही माहिती त्याला कुठून तरी मिळालेली असते. ती सांडली तेव्हा कोणाला काहीच वाटलं नव्हतं.

आता भारताची बाजू सांगतो, कारण ती इथल्यापेक्षा चांगली आहे. अमेरिकेत सगळ्या क्षेत्रांना लागू होईल असा देशव्यापी माहिती-संरक्षण कायदा आजही नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात संमतीची व्याख्या खणखणीत आहे. ती मोकळेपणाने, कशासाठी ते समजून, बिनशर्त आणि स्पष्टपणे दिलेली हवी. मात्र भोकंही आहेत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत जाणार, ज्याची माहिती सांडली त्याला छदाम नाही. सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट देता येते. आणि तुम्ही आपणहून दिलेली माहिती, ज्या कामासाठी दिली त्या कामापुरती, वेगळी संमती न घेता वापरायची मुभा आहे.

हे शेवटचं भोक आपल्या हातात आहे. बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. तरी काउंटरवरची मुलगी "सर, नंबर?" म्हणाली की आपण दहा आकडे पाढ्यासारखे म्हणून दाखवतो, तेही मागच्या चार जणांना ऐकू जाईल असे. तिचा दोष नाही, तिला तसंच शिकवलंय. पण "कशासाठी हवाय?" एवढं विचारायला काय हरकत आहे? मागची रांग खोळंबली तर खोळंबू दे. इथे आम्हाला विचारायच्या आधीच पाठवायची सवय कायद्याने लावून ठेवली, आणि वीस वर्षं आम्ही नको, नको करत बसलो आहोत. तुमच्याकडे आधी विचारायचा कायदा कागदावर तरी आलाय. तो दुकानदाराला पाळायला लावा.