सासूबाईंचा पाय

खालापूर तालुक्यांतील एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या सासूबाईंचा उजवा पाय सलग तिसऱ्या पावसाळ्यांत सुजून लालबुंद झाला, हुडहुडी भरून ताप आला, आणि आठ दिवस अंथरुणांत गेले. गुण आल्यावर डॉक्टरांनीं यंदां वर्षभर पेनिसिलिनच्या गोळ्या घेण्यास सांगितलें आहे. यावरून घरांत दोन तट पडले आहेत. मामंजी म्हणतात, दुखणें बरें झालें, आतां औषध कशाला? थोरल्या जाऊबाई रक्तचंदनाच्या लेपाच्या बाजूच्या. स्वतः सासूबाईंचें म्हणणें असें कीं, "मला गोळ्यांची संवय लावूं नका; पाऊस सरला कीं माझा पाय आपोआप बरा होतो." पत्रलेखिका शेवटीं विचारतात, "या गोळीनें खरोखर गुण येतो, हें कोणीं पडताळून पाहिलें आहे काय?"

हा शेवटचा प्रश्न फार थोड्या घरांत विचारला जातो, म्हणून यावेळीं सर्व जागा त्यालाच देत आहों.

प्रथम दुखण्याविषयीं. आपल्या आज्या ज्यास धांवरें म्हणत आणि आयुर्वेदानें ज्यास विसर्प म्हटलें, त्याच घराण्यांतील हा रोग. हल्लींचे डॉक्टर त्यास सेल्युलायटिस म्हणतात. बहुधा स्ट्रेप्टोकॉकस नांवाचे जंतु त्वचेच्या आंत शिरून तेथें पसरतात. त्यांस आंत येण्यास वाट लागते, आणि आमच्या कर्जत-खालापूरकडे ती वाट पावसाळा स्वतःच करून देतो. उल्हास आणि पाताळगंगेच्या कांठचीं खाचरें भरलीं, लावणी सुरू झाली, कीं बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या नाहींत असा पाय विरळा. शेतांत न उतरणाऱ्यांनींही निर्धास्त राहूं नये. ओलें अंगण, कधीं न वाळणारें पायपुसणें आणि भिजलेल्या चपला एवढें पुरतें. पत्रांतील सासूबाई पहाटे अनवाणी परसांत जाऊन पूजेचीं फुलें आणतात, असें त्यांच्या सूनबाईंनीं ओघांत लिहिलें आहे. आम्हांस तें वाक्य सर्वांत महत्त्वाचें वाटलें.

दुसरी गोष्ट, प्रत्येक दुखण्यांत त्वचेखालील रसवाहिन्यांची हानि होते. मग पायांत थोडी सूज कायमची राहते, आणि सुजलेल्या पायांत जंतूंचें अधिक फावतें. संवय लागते ती अशी पायाला लागते.

आतां पडताळणीविषयीं. या रोगाची अडचण ही कीं, पुष्कळदां तो आपोआप उतरतो. त्यामुळें लेप लावला तर लेपास यश, अंगारा लावला तर अंगाऱ्यास यश! कशानें गुण आला हें ठरविण्यास एकच उपाय : सारख्याच रोग्यांच्या दोन तुकड्या करून एकीस औषध द्यावें, दुसरीस देऊं नये, आणि मोजावें. ग्लासगो येथील डॉक्टरांनीं धांवऱ्याच्या ३१२ रोग्यांवर असें करून १९३७ सालीं तें प्रसिद्ध केलें. तेव्हां तेथें अतिनील किरणांचा उपचार रूढ होता. त्याच्याशीं त्यांनीं प्रॉन्टोसिल या नव्या लाल औषधाची तुलना केली, आणि प्रॉन्टोसिल सरस ठरलें. त्या औषधाच्या शोधाबद्दल गेरहार्ड डोमाक यांस १९३९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मग पेनिसिलिन आलें. १९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथें चेहरा पिकून मरणोन्मुख झालेल्या एका पोलीस शिपायास तें प्रथम टोंचलें. चार-पांच दिवसांत तो सुधारूं लागला, पण औषधाचा सांठा संपला. त्याच्या लघवींतून उतरलेलें पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यासच दिलें, तरीही पुरलें नाहीं, आणि मार्चमध्यें तो गेला. पुढें घाटापलीकडे पिंपरीस सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला आणि पुढल्या वर्षापासून पेनिसिलिन आपल्याच मुलुखांत तयार होऊं लागलें. आज "मला गोळी नको" असें आपण म्हणूं शकतों, तें ती सहज मिळते म्हणून.

सासूबाईंचा प्रश्न मात्र निराळा आहे. दुखणें आलें असतां औषध घ्यावें यांत वाद नाहीं. दुखणें नसतां घ्यावें काय? याचें उत्तर ब्रिटन व आयर्लंड येथील एका प्रयोगानें २०१३ सालीं दिलें. ज्यांस पायाचें हें दुखणें निदान दोनदां झालें होतें असे २७४ रोगी निवडले. निम्म्यांस पेनिसिलिनची २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसांतून दोनदां, वर्षभर. उरलेल्यांस तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणास कोणती मिळते हें रोग्यास ठाऊक नव्हतें, डॉक्टरांसही नव्हतें. वर्षभरांत पोकळ गोळीवाल्यांपैकीं शेंकडा ३७ जणांस दुखणें उलटलें, पेनिसिलिनवाल्यांपैकीं शेंकडा २२ जणांस. फरक खरा आहे. परंतु गोळ्या थांबविल्यावर तो पुसून गेला; नंतरच्या काळांत दोन्ही तुकड्या सारख्याच झाल्या. शिवाय ज्यांचा पाय आधींच सुजट होता, देह स्थूल होता किंवा दुखणें तीन वा अधिक वेळां होऊन गेलें होतें, त्यांस गोळीचा उपयोग कमी झाला. म्हणजे जाऊबाई चुकल्या, पण डॉक्टरांच्या गोळीनेंही सगळें काम होणार नाहीं.

सुजट पायासाठीं ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें दुसरा प्रयोग झाला. पायांत घट्ट दाब देणारे मोजे वापरणारे व न वापरणारे अशा दोन तुकड्या केल्या. फरक इतका ठळक पडला कीं ८४ रोगी झाल्यावरच प्रयोग आवरता घेतला : मोजेवाल्यांत शेंकडा १५ जणांचें दुखणें उलटलें, इतरांत शेंकडा ४० जणांचें. हें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. कोंकणच्या दमट हवेंत तसले मोजे दिवसभर घालणें ही तपश्चर्याच आहे हें आम्ही जाणतों. शिवाय पायाचा रक्तपुरवठा मंद असल्यास, विशेषतः मधुमेह्यांस, ते अपायही करतात. म्हणून डॉक्टरांनीं पाय तपासल्यावांचून ते विकत आणूं नयेत.

तिसरा दाखला आपल्याच देशांतला. केरळांत आलेप्पी येथें हत्तीपायाच्या रोग्यांवर प्रयोग झाले. त्यांसही असेच तापाचे झटके येतात. निरनिराळ्या तुकड्यांस निरनिराळीं औषधें दिलीं, पण पाय रोज साबणानें धुणें, बेचक्या कोरड्या करणें, भेगांस मलम लावणें हें सर्वांस शिकविलें. झटके सर्वच तुकड्यांत कमी झाले. तुलनेचा कांटा कडक लावला तर हा पुरावा वरच्या दोहोंइतका वजनदार नाहीं, कारण पाय न धुणारी तुकडी नव्हतीच. तरीही आम्हांस तो पटतो, आणि खर्च साबणाच्या वडीचा.

तेव्हां मामंजींस आमची विनंति कीं, पेनिसिलिन सोसत असेल, पूर्वीं कधीं त्यानें पित्त उठलें वा धाप लागली नसेल, तर डॉक्टरांचें ऐकावें. गोळ्यांनीं मिळणाऱ्या वर्षांत चिखल्या बऱ्या कराव्या आणि सूज उतरवावी. तें न केल्यास वर्ष संपतांच पुन्हा पहिलाच पाढा. चिखल्यांवरचें मलम बुरशीवरचें असावें. लेप अखंड त्वचेवर लावून फारसा अपाय नाहीं, पण त्याच्या भरंवशावर दोन दिवस दवडूं नयेत.

दुखणें पुन्हा आलेंच तर लालीच्या कडेनें पेनानें रेघ ओढावी, पाय उशीवर उंच ठेवावा आणि त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. लाली रेघ ओलांडून झपाट्यानें पसरूं लागली, वेदना दिसणाऱ्या सुजेच्या मानानें अतोनात असली, काळसर फोड आले, किंवा रोगी भ्रमांत बोलूं लागला, तर तडक मोठें रुग्णालय गांठावें. शेतांत वा परसांत कांहीं चावल्यानंतर आलेली सूज धांवरें समजूं नये. सर्पदंशही असाच सुजतो.

आणि पूजेचीं फुलें पावसाळ्यापुरतीं नातवंडांनीं आणावीं, तींही वहाणा घालून.