पुडी नको, चिठ्ठी द्या!

उमरठ म्हटले की सर्वांना तानाजी मालुसऱ्यांची समाधी आठवते. मला मात्र तिथल्या बौद्धवाडीतल्या एक आजी आठवतात. लावणीच्या दिवसांत गुडघे दुखू लागले म्हणून त्या एका खाजगी दवाखान्यात गेल्या. कागदाच्या पुडीत गोळ्या मिळाल्या. ना गोळीचे नाव, ना चिठ्ठी. महिनाभराने रक्ताची उलटी झाली. आधी पोलादपूर, मग महाड, शेवटी मुलाकडे मुंबईला. आजी वाचल्या. मुलगा माझ्याकडे आला, "वकीलसाहेब, केस करायची." मी विचारले, "गोळी कोणती होती?" तो गप्प झाला.

दुखण्यावरच्या अनेक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. पण कोणती गोळी, किती दिवस घेतली, हेच कागदावर नसेल तर कोर्ट काय करणार? आणि विज्ञान तरी काय करणार?

नवे औषध बाजारात येण्याआधी बहुधा काही हजार माणसांवरच तपासले जाते. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा अपाय तिथे निसटतो. तो सापडतो लाखो रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्यावर. एकाच वयाच्या, एकाच आजाराच्या माणसांपैकी हे औषध घेणारे आणि दुसरे घेणारे, यांची तुलना करतात. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचे औषध अमेरिकेत १९९९ साली आले. डॉ. डेव्हिड ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कैसर परमनन्टे या संस्थेच्या सुमारे १४ लाख रुग्णांच्या नोंदी तपासून त्याचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते मागे घेतले. त्याच वर्षी भारतातही बंदी आली. पण त्या १४ लाखांत उमरठची आजी नव्हती!

आपल्याकडे २०१० पासून 'फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया' आहे. मासिक पाळीच्या दुखण्यावर आपल्या मुली घेतात त्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल २०२३ साली त्यानेच इशारा दिला. व्यवस्था आहे, पण पुडीवर जगणारा माणूस तिच्या हिशेबात येतो का? ज्याची नोंद नाही त्याचा अपायही सरकारदरबारी झालेलाच नसतो.

कोणी म्हणेल, नोंदी झाल्या की आपली माहिती विकली जाईल. भीती रास्त आहे. म्हणूनच संशोधनासाठी नाव-गाव वगळूनच नोंदी द्याव्यात, असा आग्रह धरला पाहिजे. पण नोंदच नको म्हणणे म्हणजे स्वतःचा पुरावा स्वतः जाळणे.

बांधवांनो, चिठ्ठीशिवाय गोळी घेऊ नका. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. औषधाने अपाय झाला तर रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवू शकतो. हा क्रमांक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहा, असा ठराव ग्रामसभेत मांडा.

चवदार तळे उमरठहून फार लांब नाही. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, हे या मुलुखाला कोणी शिकवायला नको. उद्या दवाखान्यात जाल तेव्हा एवढेच म्हणा: डॉक्टर, पुडी नको, चिठ्ठी द्या!