खादाड कोण?

आमच्या ४ जीबीच्या लॅपटॉपला धाप लागली की भाचा ब्राउझर बदलतो. क्रोम काढलं, एज आणलं; एज काढलं, फायरफॉक्स आणलं. दरवेळी टास्क मॅनेजर उघडून आकडे वाचतो, जणू पंगतीत कोणी किती जिलब्या उठवल्या ते मोजतोय. ‘मामा, क्रोमच खादाड!’

अरे, पण २०२० पासून एज आणि क्रोम यांचा आचारी एकच, क्रोमियम! पाटी बदलून आमटीची चव बदलते होय? क्रोम २००८ साली आलं तेच टॅबागणिक वेगळी खोली घेऊन. एक टॅब कोसळला तरी शेजारचा शाबूत. २०१८ साली प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची फट उघडकीस आली, तेव्हा साइटासाइटांत भिंती घातल्या. त्यात मेमरी आणखी सुमारे १० टक्के गेली. चोरासाठी बांधलेल्या भिंतीला खादाड म्हणायचं?

खादाड आहेत ते पाहुणे. पाच ओळींच्या बातमीमागून नाचत येणाऱ्या जाहिराती आणि न विचारता सुरू होणारा व्हिडिओ! त्यांना कोणी बोलत नाही, शिव्या यजमानाला.

आता भाचा म्हणतो, लॅपटॉपच नवा घ्या. मी गुपचूप ४० पैकी ३६ टॅब मिटले. (त्यातले अकरा एकाच रेल्वेगाडीच्या वेळापत्रकाचे होते.) धाप थांबली. भाचा अजून आकडेच वाचतोय.